बाय-टू कॉफी

आमच्या बंगळूरच्या कारखान्याच्या दवाखान्यातले कंपाउंडर निपाणीकडचे. मराठी बोलता बोलता कानडीत शिरायचे. कोणी औषध मागितले की आधी झोप, जेवण, चालणे विचारत. बाटलीला हात सगळ्यात शेवटी.

नोकरी कायम होण्याच्या वैद्यकीय तपासणीला आठवडा उरला आणि माझी छाती धडधडू लागली. घरातला पहिला पदवीधर मी. नापास झालो तर आईवडिलांना काय सांगणार होतो?

औषध मागायला गेलो. "कॉफी किती?" कंपाउंडरांनी विचारले.

"फार नाही, अण्णा. बाय-टू. अर्धाच कप."

"दिवसातनं कितींदा?"

बंगळूरला कोणीही भेटले की एक कॉफी दोघांत होते, नाही म्हणवत नाही. मी बोटांवर मोजले. बारा वेळा.

"म्हणजे सहा कप, तेही उपाशीपोटी. छाती बिचारी काय करंल? अगोदर स्वल्प जेवत जावा की."

औषध दिलेच नाही. उलट रोज दुपारी कॅन्टीनमध्ये माझ्यासमोर येऊन बसत आणि माझा ताकभात संपेपर्यंत उठत नसत.

तपासणीत डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि सही केली. बाहेर कंपाउंडर उभेच होते. माझा चेहरा पाहून म्हणाले, "सरी, बरं झालं. आता घरी पत्र टाका. कॉफीचं तेवढं लिहू नका."