अंग ओलं आहे तोवर

बुधवारी सकाळी मी अंघोळ केली, नवऱ्यानं माझ्या पाठीला मलम लावलं आणि ट्यूबचं झाकण लावता लावता ते खाली बसले. डॉक्टर आले तोवर ते गेले होते.

मलमाची सुरुवात माझी पाळी गेल्यानंतर झाली. त्या वयात अंगातून वाफा निघतात, झोप उडते, हाडं ठिसूळ होतात, हे मी वाचलं होतं. ग्रंथालयात नोकरी केलेल्या बाईला वाचायला काय कमी? पण कातडीबद्दल कुणी फारसं लिहिलेलं माझ्या हाती आलं नव्हतं. आधी पोटऱ्या, मग दंड आणि शेवटी पाठ खाजू लागली. पुरळ नाही, चट्टा नाही, नुसती खाज. जरा नख लागलं की रक्त. मी चंद्रपूरच्या उन्हाला दोष द्यायची, ते कोळशाच्या धुळीला. अखेर एका डॉक्टरबाईंनी समजावलं की पाळी गेल्यावर कातडी पातळ होते आणि तिला ओल धरून ठेवता येत नाही. कढत पाणी बंद, अंगभर साबण बंद, उन्हात हात-मान झाकायची आणि अंघोळीनंतर अंग ओलसर आहे तोवर मलम लावायचं.

नवरा शेजारच्या खुर्चीवर बसून ऐकत होते. दुसऱ्या दिवसापासून ते ट्यूब घेऊन न्हाणीघराच्या दाराशी उभे राहू लागले.

"आटप वो लवकर, वाळून जाशील!"

मी दार किलकिलं करून त्यांच्याकडे पाठ करायची. त्यांची बोटं खरखरीत होती. निम्मी खाज त्या बोटांनीच जायची, उरलेली मलमानं. मग ते पेपर वाचायला जायचे आणि मी साडी नेसायची. त्यावर आम्ही कधी काही बोललो नाही.

त्या बुधवारी दुपारी त्यांना अंगणात अंघोळ घातली. हळद आणि तेल लावायला मलाही पुढे बोलावलं. त्यांना कुशीवर वळवलं होतं. पाठीच्या मधोमध, जिथे आपला आपल्याला हात पोचत नाही, तिथे कातडी पांढरी पडून तडकली होती. तिच्या कडेनं खाजवल्याचे ओरखडे होते, काही जुने, काही ताजे. मी ते कधीच पाहिलं नव्हतं. रोज सकाळी माझी पाठ त्यांच्याकडे असायची. त्यांची पाठ कुणाकडे होती? मी तिथे तेल जिरवत राहिले. वाटी रिकामी झाली तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "पुरे झालं, बाई."

त्यांना नेल्यावर बायकांनी माझ्या डोक्यावरून पाणी घातलं. मी कोरडं लुगडं गुंडाळलं आणि सवयीनं दाराकडे पाठ करून उभी राहिले. हललेच नाही. बायका आपसात म्हणाल्या, हिला धक्का बसला आहे. तसं नव्हतं. मी मलमाची वाट बघत होते.

सुतकात अंगाला तेल लावायचं नसतं. मलमाचं काय, हे विचारायची मला लाज वाटली. घरात माणूस गेलेला आणि हिला कातडीची पडली आहे, असं कुणी म्हणालं असतं तर ते खरंच होतं. भेटायला आलेले लोक त्यांच्याबद्दल बोलत, तेव्हाही माझं लक्ष पाठीकडेच असायचं.

घर सांभाळायला आरमोरीहून थोरली नणंद आली होती. तीही विधवा, धानाची शेती एकटीनं करणारी. तिनं मला चौकटीशी पाठ घासताना पाहिलं.

"काऊन वो वहिनी, म्हशीवानी दाराले अंग घासून राह्यली?"

"काही नाही, बाई."

दुसऱ्या दिवशी मी पोळी उलटायचा सराटा लपवून न्हाणीघरात नेला. त्याच्या पात्यावर मलम घेऊन पाठीवर ओढलं. नंतर धुतला, पण चिकटपणा राहिला असावा.

"सराट्याले लोनी कोन फासलं? हातातून सुटून राह्यला," नणंद चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, ओरडली. मी खरं सांगितलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग सराट्याकडे.

"पाठ होय का पोळी? दुसऱ्या बाजूनं भाजून घेतली का नाई?"

ती हसली. मीही हसले, आवाज करून. बाहेरच्या खोलीत चिमूरचे पाहुणे बसले होते, त्यांचं बोलणं थांबलं. मी तोंडात पदर कोंबला.

"आन ते मलम," नणंद म्हणाली. "तेल मना हाय, दवाई नाई."

तिची बोटं भावासारखीच रुंद आणि खरखरीत होती. पाठ शांत झाली. तेवढा वेळ ते गेले आहेत हे मी विसरले. आठवलं तेव्हा मला पाहुण्यांसमोर जायचं धाडस होईना.

"बाई, तुमच्या पाठीला कोण लावतं?"

"मी का साहेबीन हाय? खाटेच्या पायाले घासतो."

मी तिला पाटावर बसवलं. पोलकं वर केलं. मधोमध तशीच पांढरी, तडकलेली जागा होती. मी मलम लावलं, पुन्हा लावलं, चोळत राहिले.

"हळू वो," ती म्हणाली. "मी जित्ती हाय अजून."

माझा हात थांबला. तिला मलम लावून त्यांचं देणं काही फिटलं नाही.

तेरावं झाल्यावर ती आरमोरीला गेली. एक ट्यूब मी तिच्या पिशवीत टाकली. तिथे तिला कोण लावून देतं, मला माहीत नाही. विचारलं की ती फोनवर धानाचं बोलते.

सराटा आता न्हाणीघरातच असतो. अंघोळ झाली की मी अजून दाराकडे पाठ करून उभी राहते. मग वळते आणि अंग ओलं आहे तोवर हात पोचेल तिथे हातानं, पुढे सराट्यानं मलम लावते. मधला थोडा भाग राहतो.