गव्हाच्या मुलखात नेलेला नारळ

लेखणी हाती धरण्याचा मला अधिकार नाही, हे प्रथमच कबूल केलेले बरे. धुळ्याला राहून मी मॅट्रिक झालो खरा. परंतु शिकलेले सारे व्यापारी पत्रे लिहिण्यातच खर्ची पडले. चाळिशी उलटल्यावर स्वतःच्या म्हणून चार ओळी लिहाव्यात असे वाटू लागले, तेव्हा विषय सुचला तो असा की तापीकाठच्या वाचकाने तो पाहिलेला नाही आणि बहुधा पाहणारही नाही. मेलबर्न शहरातील फुटबॉल हा तो विषय. ज्याने आयुष्यात एकदाही त्या चेंडूला पाय लावला नाही, त्याने खेळाडूंविषयी मते द्यावीत ही आगळीक आहे. तरी वाचकांनी ती पोटात घालावी, कारण या खेळाचे बोट धरूनच मला माझ्या निघण्याचा अर्थ थोडाफार उमगला.

मी निघालो तो आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी. ज्या सणाला गावोगावच्या सासुरवाशिणी माहेरी येतात आणि लिंबांना झोके बांधले जातात, त्याच सणाला मी बाहेर पडलो. आमचे गाव शहाद्याच्या बाजूचे, म्हणजे तापीच्या उत्तर तीरावर, आगगाडी नंदुरबारला. पात्रात पाणी जेमतेम होते. वाळूत बैलांचे पाय रुतत होते आणि दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, चाकाला खांदा लावून गाडी पुढे ढकलत होता. “सायेब व्हई जाशी, मंग आम्हले वळखशी का रे?” असे तो दोनदा म्हणाला. पहिल्यांदा हसून, दुसऱ्यांदा न हसता. आईने दशम्या बांधून दिल्या होत्या. आप्पा, माझे वडील, गाडीत बसलेच नाहीत. ते पाण्यापर्यंत चालत आले आणि तिथूनच मागे वळले.

मला नेणारे होते सुरतेचे एक शेठ. कापसाच्या खरेदीसाठी ते नंदुरबारला येत, आणि त्यांच्या भावाची मेलबर्नमध्ये रेशमी कापडाची पेढी होती. तिथे इंग्रजी लिहिणारा माणूस हवा होता. आमच्याकडे सालदार ठेवण्याची जी रीत आहे, ती वाचकांना ठाऊकच असेल: शेतावरच्या गड्याचे साल आखाजीला संपते आणि त्याच दिवशी नवे सुरू होते. दुसऱ्याच्या घरचा चांगला गडी हवा असेल, तर आमच्या गावात कोणी त्याला परस्पर फितवत नाही. आधी जुन्या मालकाच्या ओट्यावर जाऊन बसायचे, नारळ द्यायचा आणि माणूस मागायचा. शेठ व्यवहारी होते, त्यांनी ही रीत जाणून घेतली होती. नारळ आणि पागोटे घेऊन ते आमच्या ओट्यावर आले. आप्पांनी नारळ घेतला, पागोटे परत केले आणि म्हणाले, “हाऊ मन्हा पोऱ्या शे, सालदार नई. दर आखाजीले ईसन इचारजा.”

त्यानंतर दर आखाजीला शेठचा माणूस नारळ घेऊन आप्पांपुढे बसत असे, आणि आप्पा दर वर्षी मला एक साल देत असत. मेलबर्नकडचे सरकारही माझ्यासारख्याला मुदतीच्या परवान्यावरच राहू देते. म्हणजे दोन्हीकडून मी सालदारच होतो, याची मला गंमत वाटे.

मेलबर्नला मी एका आयरिश विधवेच्या घरी खोली घेऊन राहिलो. मिसेस डॉयल त्यांचे नाव. शाकाहारी माणसाला काय वाढावे याचा त्यांनी पहिला महिनाभर फार विचार केला आणि मग बटाट्यावर कायमचा निकाल दिला. आमच्या वस्तीच्या फुटबॉल संघावर त्यांची भक्ती होती. एके वर्षी त्यांचा गुडघा सुजला आणि मैदानाच्या पायऱ्या चढणे बंद झाले. हंगामभराचे तिकीट वाया जाऊ नये म्हणून त्यांनी ते माझ्या हाती दिले. “जा, आणि येऊन मला सांगा, त्या खाटकाने आज तरी पाय उचलले का.” खाटीक म्हणजे आमचा कर्णधार, आठवडाभर तो खरोखरच मटणाच्या दुकानात उभा असे.

असा मी तिशी संपता संपता, केवळ निरोप्या म्हणून, मैदानावर गेलो. चेंडू गोल नव्हे. तापीच्या वाळूत पिकणाऱ्या लांबट टरबुजासारखा. जमिनीवर आपटला की तो कुठे उडेल हे त्याचे त्यालाही माहीत नसते. प्रत्येक बाजूला अठरा गडी, दोन्ही टोकांना चार चार खांब. उंच आलेला चेंडू झेलण्यासाठी एक गडी दुसऱ्याच्या खांद्यावर गुडघा टेकून आंब्यावर चढावे तसा वर चढतो, आणि खालचा तक्रार करत नाही. हे पाहून मी पहिल्याच दिवशी उभा राहिलो. शेजारच्या बाईंनी कोट ओढून मला खाली बसवले.

खेळाचे नियम कळण्याआधीच माझी मते तयार होऊ लागली. ती आप्पांची होती, हे मला मागाहून कळले. गडी पाठमोरा पाहावा, असे आप्पा म्हणत. समोरून सगळेच कामाचे दिसतात. म्हणून चेंडू हातून निसटल्यावर कोण कसा चालतो, तेवढेच मी पाहत असे. खाटीक कर्णधार सुस्त होता, हे मिसेस डॉयलचे म्हणणे खरे. पण चेंडू दूर असतानाही तो आपली जागा सोडत नसे, म्हणून मी त्याची बाजू घेत आलो. पुढच्या खांबांपाशी उभा राहणारा सोनेरी केसांचा गडी वर्तमानपत्रांचा लाडका होता. माझे मत निराळे. दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, पेरताना दिसायचा नाही आणि हुरड्याला मात्र हजर, अशातला तो मला वाटे. आणि डाव्या पायाच्या एका चपळ गड्याला संघाने उजव्या अंगाला उभे केले, तेव्हा मी हळहळलो. डाव्या अंगाचा बैल उजवीकडे जुंपला की त्याचे आणि जोडीदाराचे, दोघांचेही चालणे बिघडते. हे मी मिसेस डॉयलना सांगितले. त्यांनी ते चर्चच्या दारात सर्वांना सांगितले, आणि पुढे काही दिवस लोक मला रस्त्यात थांबवून बैलांविषयी विचारत.

परंतु मला खरे कुतूहल होते ते भरतीचे. शहरात नियम असा, की जो ज्या वस्तीत राहतो, त्याने त्याच वस्तीसाठी खेळावे. जन्म कुठला हे कोणी विचारत नाही. झोपतो कुठे एवढेच. या हिशेबाने मीही आमच्या संघाचा गडी ठरत होतो, आणि हा विचार मनात येऊन मी कित्येक शनिवारी एकटाच हसलो आहे. खेड्यापाड्यांतून मात्र उमदे तरुण आणले जात. संघ त्यांना एखाद्या कारखान्यात काम लावून देई. पण गावाकडच्या संघाने सोडल्याशिवाय त्यांना इथे खेळता येत नसे. या परवानगीला इकडे ‘क्लिअरन्स’ म्हणतात. आपल्याकडे सोडचिठ्ठी म्हणता आले असते, पण तो शब्द वेगळ्या प्रसंगासाठी राखून ठेवलेला आहे. मला तर ही हुबेहूब सालदाराचीच रीत वाटली. हंगामही आखाजीच्याच सुमारास सुरू होतो.

शेजारच्या खोलीत जॅक रीड राहायला आला, तो असाच आणलेला. उत्तरेकडच्या गव्हाच्या मुलखातला, उंच, बोलण्यात माझ्याइतकाच भित्रा. सरावात मी त्याला पाठमोरा पाहिला आणि मिसेस डॉयलना सांगितले की हा टिकेल. पण त्याची परवानगी येईना. गावच्या संघाचा अध्यक्ष त्याचा बापच होता. म्हाताऱ्याला दुसरा मुलगा नव्हता, आणि शेत मोठे होते. हंगामाच्या आरंभापर्यंत सही आली नाही, तर संघ जॅकची जागा दुसऱ्याला देणार आणि त्याबरोबर कारखान्यातले कामही जाणार, हे ठरल्यासारखे होते.

मी त्याला विचारले, तुमच्या वडिलांकडे मागायला कोण गेले होते? त्याला प्रश्नच कळला नाही. कोणीही गेले नव्हते.

पुढचे मी कसे केले ते आजही मला नीट सांगता येत नाही. ईस्टरच्या सुट्टीत जॅक घरी निघाला आणि एकटे जायला कचरला, म्हणून मी सोबत गेलो. जाताना बाजारातून एक नारळ घेतला. बेटांवरून आलेला, शेंडी नसलेला, पण नारळच.

जॅक कुंपणाचे फाटक लावत मागे राहिला होता, म्हणून दारापर्यंत मी एकटाच पोचलो. त्या मुलखात माझ्या रंगाचा माणूस म्हणजे गाठोडे घेऊन हिंडणारा फेरीवाला. जॅकच्या आईने दार अर्धेच उघडले. “आज काही नको. सुया, दोरा, सगळे आहे घरात.”

मी म्हणालो, “बाई, मी विकायला आलो नाही. मागायला आलो आहे.”

यावर त्या अधिकच गोंधळल्या. तेवढ्यात जॅक आला.

जेवणानंतर मी उठून मिस्टर रीड यांच्यापुढे दोन्ही हातांनी नारळ धरला आणि वाटेत पाठ केलेले वाक्य म्हटले: आमच्याकडे दुसऱ्या घरचा माणूस न्यायचा असला, तर आधी त्या घरी येऊन बसतात आणि मागतात. त्यांनी नारळ घेतला, कानाशी नेऊन हलवला, आतले पाणी ऐकले.

“तुला क्लबाने पाठवले?”

“नाही.”

“मग तू कोण?”

“मी त्याच्या शेजारच्या खोलीत राहतो.”

जॅकच्या आईला हसू आले. त्यांनी ते ताटे उचलण्यात लपवले. म्हातारा मात्र हसला नाही. तो म्हणाला, “क्लबाने छापील कागद पाठवला. माणूस नाही पाठवला.” थोडा वेळ त्याने नारळ हातात फिरवला आणि मग विचारले, “तुझ्या बापाकडे कोण गेले होते?”

मी शेठांविषयी सांगितले, दर सालच्या नारळाविषयीही सांगितले. त्याने ते लक्षपूर्वक ऐकले.

“आणि तू? तू काय म्हणालास बापाला?”

मला आठवू लागले. शेठ ओट्यावर बसले होते, आप्पा त्यांच्यासमोर. मी अंगणात गाडीच्या चाकापाशी उभा होतो. माझ्या बाजूने शेठ बोलले, त्यांच्यानंतर शेठचा माणूस बोलत राहिला. मी बोललो असे एकही वाक्य मला आठवेना.

“मी गाडीपाशी उभा होतो,” मी म्हणालो.

म्हाताऱ्याने मान वळवली. “हाही बघ, दारापाशीच उभा आहे.”

जॅक खरोखरच चौकटीला टेकून उभा होता. मग तो आत आला, बापासमोरची खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, “बाबा, मी एक हंगाम खेळू का?”

“पेरणी आटोपून जा,” बाप म्हणाला. “कापणीला परत ये.” सही त्याने त्याच टेबलावर केली. नारळ चुलीवरच्या फळीवर, जॅकने लहानपणी जिंकलेल्या पेल्यांशेजारी ठेवला गेला. तो फोडायचा केव्हा, असे त्यांनी मला विचारले. काम पुरे झाल्यावर, असे मी सांगितले.

संघाचे लोक पेरणीच्या अटीवर चिडले, पण शेवटी थांबले. जॅक तो हंगाम खेळला. माझे प्रामाणिक मत विचाराल तर तो चांगला होता, थोर नव्हता; चेंडू दूर असताना मात्र त्याच्याइतके कोणी धावले नाही. कापणीला तो परत गेला. नारळाचे पाणी आटले होते, पण खोबरे गोड निघाले, असे त्याने कळवले. पुढच्या साली बापाने त्याला आपण होऊन विचारले, जायचे का? तो गेला नाही. आता तो गावच्याच संघातून खेळतो. इथले लोक म्हणतात, पोरगा वाया गेला. मिसेस डॉयल अजूनही त्याचे नाव काढले की चहाचा कप आपटतात. मला मात्र ते ठरवता येत नाही. एक गडी सुटला तर संघ दुसरा शोधतो. पण ज्याला परत येण्यासाठी एक खुर्ची ओढून ठेवलेली असते, त्याचे मोजमाप गोलांत कसे करावे?

त्या ईस्टरनंतर मी आप्पांना प्रथमच स्वतः विचारले. कागदावर लिहून, कारण समुद्र मधे होता. आणखी एक साल राहू का, की येऊ? दादाने आप्पांचे उत्तर त्यांच्याच शब्दांत उतरवून पाठवले: “तू इचारं, बस व्हयनं. आते तुन्हा तू ठराव.” पुढे दादाने स्वतःचे एक वाक्य जोडले होते. शेठच्या माणसाने आणलेला त्या सालचा नारळ आप्पांनी घेतला नाही.

मला आधी वाटले, हे सुटकेचे पत्र आहे. नंतर कळले की इतकी वर्षे मला कोणी बांधलेच नव्हते. घर म्हणजे काय, हे परदेशी राहिलेल्या माझ्यासारख्यांना लोक वारंवार विचारतात. पूर्वी मी लिंबाचे झाड, ओटा, दादरची भाकरी असे काही सांगत असे. आता मला वाटते, ज्या माणसासमोर बसून ‘जाऊ का’ असे विचारावेसे वाटते, त्याच्यासमोरची ती जागा म्हणजे घर. हेही माझे मतच आहे, आणि माझ्या मतांची योग्यता वाचकांनी एव्हाना जोखली असेल.

परवान्याची मुदत इथल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी संपते. ती वाढवण्याचा कागद शेठच्या भावाने माझ्यापुढे ठेवला होता. मी तो सही न करता परत दिला. मिसेस डॉयल तिकीट दुसऱ्या कोणाला देतील, आणि कोण पाय उचलतो ते मला पत्राने कळवतील. निघण्यापूर्वी एक गोष्ट मात्र जाणून घ्यायची आहे, आणि ती इथे कोणालाच ठाऊक नाही. नंदुरबारला आगगाडीतून उतरल्यावर तापीपलीकडे जायला आता मोटार मिळते, की दादाला बैल घेऊन यायला सांगावे?