अक्काला न साधलेला निळा

भट्टीत तापलेल्या मातीचा वास सुभद्राक्काच्या पदराला कायमचा बिलगलेला. पुण्याहून बंगळूरला पोहोचले आणि तिने दारातच मला जवळ घेतले, तेव्हा त्या शहरात प्रथम तोच ओळखीचा वाटला.

अक्का माझी थोरली मावसबहीण. बंगळूरमधल्याच शिवाजीनगरातल्या एका कारखान्यात तिने चाळीस वर्षे मातीच्या भांड्यांना झिलई दिली. एक निळा मात्र तिला कधीच साधला नाही: प्राचीन इजिप्तमधल्या वाडग्यांचा. तो तिने केवळ छापील चित्रात पाहिला होता. आता तसा एक वाडगा थोड्या दिवसांसाठी शहरातल्या संग्रहालयात आला होता, आणि अक्काची नजर महिन्यागणिक विझत चालली होती. “डोळे आहेत तोवर ये,” एवढेच ती फोनवर म्हणाली होती.

वाटेत आम्ही तट्टे इडली (ताटलीएवढी चपटी इडली) खाल्ली. पुढे रिक्षा खड्ड्यात उसळली, तशी अक्का ओरडली, “अण्णा, स्वल्प निधाना!” (जरा हळू). मला हसू आले. ‘स्वल्प’ मला ठाऊक होता तो कवितेतला, नाहीतर विरामचिन्हातला. इथे तो भर रस्त्यावर राबत होता.

दालनात उजेड मंद होता. काचेच्या पेटीसमोर अक्काने डोळे बारीक केले.

“काळोखच आहे की गं. तू सांग.”

“पहाटेच्या आधीचं आभाळ असतं ना, तसा...”

“अय्यो, कविता नको! रंग सांग. काठाला हिरवट आहे का? झिलईतल्या तांब्याला खार पुरला नाही की हिरवा उतरतो.”

मग मी नीट पाहिले. काठ हिरवट होता; तळाकडे निळा दाट होत गेला होता. काळ्या रेषांची कमळे, एक मासा, त्याच्या शेपटीवरून गेलेली चीर. एके जागी झिलई ओघळून थिजली होती. तेही सांगितले.

“म्हणजे त्या कारागिराचीही ओघळली,” ती पुटपुटली.

कपाळ काचेला टेकवून ती पेटीभोवती इंच इंच सरकू लागली. रखवालदार पुढे आला. तिचा चेहरा पाहून थांबला. खिडकीकडच्या कोपऱ्याशी ती स्तब्ध झाली. तिच्या हातांची ओंजळ आपोआप वाडग्याएवढी झाली.

परतीच्या गाडीत मी वहीत त्या निळ्यासाठी शब्द शोधत राहिले. एकही टिकेना. पुन्हा पुन्हा तो कोपराच आठवत होता. तिथे मी हळूच विचारले होते, “दिसला, अक्का?”

काचेवरचे आपल्या श्वासाचे धुके तिने पदराने पुसले. मग म्हणाली, “स्वल्प.”