मास्तरांचे उपाशी नाकतोडे

सोलापुरात शास्त्र शिकवणारे मास्तर पुष्कळ झाले, पण नाकतोड्याची उडी स्वतः टेबलावरून मारून दाखवणारे वेणीमाधव मास्तर एकच. त्या उडीत त्यांचं धोतर फाटलं, हेडमास्तरांनी डोळे वटारले, आणि मास्तर धापा टाकत म्हणाले, "सर, माझे पाय तोकडे पडले. त्याचे मागचे बघा काय लांब असतात!" मूळचे मैंदर्गीचे असल्यामुळे उत्साहात आले की निम्मं कानडीत बोलायचे, आणि उत्साहात तर ते बारा महिने असायचे.

अशा माणसाच्या घरात एक दुःख मात्र होतं. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी त्यांच्या पत्नीची, रुक्मिणीबाईंची, कूस उजवली नव्हती. जो येई तो एक उपास सांगून जाई. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. वर चतुर्थी, एकादशी, प्रदोष होतेच. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' म्हणतात, त्यातल्या बाई नव्हत्या. त्यांचा उपास म्हणजे घोटभर दूध, बस्स. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. मास्तरांनी विनवून पाहिलं, रागावून पाहिलं, एकदा तर ते चक्क रडले. बाई म्हणाल्या, "मूल हवंय ना तुम्हाला? मग मध्ये बोलू नका." मूल मास्तरांना हवंच होतं, पण त्याच्या आधी बायको हवी होती.

सन अठ्ठावीसच्या श्रावणात मास्तरांनी घरातल्या सगळ्या कंदिलांच्या काचा पळवल्या. वाळू भरलेल्या कुंड्यांत त्या उभ्या रोवल्या, आत नाकतोडे सोडले आणि वर मलमलीचे तुकडे बांधले. दूध घालायला येणारी गोजरबाई रानातून ज्वारीची कोवळी पानं आणू लागली. एका ओळीतल्या नाकतोड्यांना पोटभर पानं, दुसऱ्या ओळीतल्यांना निम्मी. उपाशी ओळ आधी मरेल, मग बायकोचा हात धरून तिला ती दाखवायची आणि म्हणायचं, बघ, उपासानं काय होतं ते! असा मास्तरांचा साधा सरळ बेत होता.

झालं भलतंच. कार्तिक लागला तसे पोटभर खाणारे पटापट उताणे पडू लागले, आणि निम्म्यावर ठेवलेले आपले टुणटुण उड्या मारतायत! मास्तरांमधला शास्त्रज्ञ नाचायला लागला. "अगं, हे जगतायत! कमी खाणारेच जास्त जगतायत!" हे ते ओरडून बसले आणि मग त्यांनी जीभ चावली. रुक्मिणीबाई मागेच उभ्या होत्या. "उपासाचं पुण्य," त्या शांतपणे म्हणाल्या, आणि त्यांनी उपाशी ओळीला हळदकुंकू वाहिलं.

बातमी गल्लीभर झाली. शेजारच्या मल्लव्वा चार बायका घेऊन दर्शनाला आल्या. कुणी केळं आणलं, कुणी भिजवलेली डाळ. मास्तर कुंड्यांपुढे दोन्ही हात पसरून उभे. "ब्याड, ब्याड! नको, नको! नैवेद्य नुसता दाखवा! आत टाकलात तर माझा प्रयोग बुडेल!" बायका एकमेकींना म्हणाल्या, मास्तर सोवळ्याचे फार कडक आहेत हो. रुक्मिणीबाईंनी त्याच आठवड्यापासून मंगळवारही धरला. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, म्हणून मास्तर कपाळाला हात लावून बसले.

जेवती ओळ पुरती संपली तेव्हा त्यांनी कुंड्यांतली वाळू चाळायला घेतली. चाळणीत ढेकळं राहिली, भुईमुगाच्या शेंगांसारखी लांबट. एक फोडलं तर आत तांदळाच्या दाण्यांसारखी अंडी, एकाला एक चिकटून. प्रत्येक कुंडीत तेच! मास्तरांनी घाईघाईनं एकेका उपाशी नाकतोड्याला दुसरीकडे हलवून त्यांची वाळू चाळली. वाळू आणि नुसती वाळू. सगळ्या ओळीत मिळून एक इवलं ढेकूळ.

ते चाळणी घेऊन स्वयंपाकघरात धावले.

"अहो, पिठाची चाळणी आहे ती!" रुक्मिणीबाई ओरडल्या.

"ही जेवणाऱ्यांची अंडी," मास्तर म्हणाले. मग त्यांनी दुसऱ्या हाताची मूठ उघडली. "आणि ही उपाशांची."

बाईंनी ते एकटं ढेकूळ हातात घेतलं. "म्हणजे आयुष्य मिळालं," त्या हळूच म्हणाल्या, "पण पाळणा नाही."

"किडा म्हणजे माणूस नव्हे, हे मला कळतं. देवाच्या मनातलं तर मला काहीच कळत नाही." मास्तरांनी चाळणी खाली ठेवली. "पण तू जेव गं. मूल होवो, न होवो, तू जेव."

बाईंनी पदरानं डोळे पुसले. "व्रत असं मध्येच टाकता येत नाही. उद्यापन करावं लागतं. प्रत्येकाचं वेगळं."

"वेगळं कशाला? सगळे देव एकाच पंगतीला बसवू!"

आणि खरंच बसवले. भटजींनी आधी कुरकुर केली, पण पुरणाचा वास आल्यावर त्यांनाही शास्त्राधार सापडला. मल्लव्वांनी पातेलंभर हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, पाठवली, तिच्यातला गहू कसा लोण्यासारखा शिजलेला. मास्तर "आधी पोटोबा, मग विठोबा" असं गर्जत स्वतः वाढत होते, आणि तूप सगळ्यांत जास्त कुणाच्या पानात पडत होतं ते सांगायला नको. त्या दिवसापासून बाई दोन्ही वेळा जेवू लागल्या. बांगड्या मनगटावर परत आल्या, गालांवर तजेला आला, आणि मास्तर वर्गात विनाकारण हसू लागले.

पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी त्यांनी बायकोपुढे ताजी शेंगापोळी ठेवली, वर तूप. रुक्मिणीबाईंनी वास घेतला, ताट लोटलं आणि तोंडाला पदर लावून त्या मोरीकडे पळाल्या.

मास्तर मागोमाग धावले. "आता कुठला वार धरलास? अगं, बोल ना!"

गोजरबाई दूध ओतत होती. तिनं चरवी खाली ठेवली आणि ती खो खो हसत सुटली. "लई खुळं हाय की मास्तर तुमी! उपास न्हाय, काय न्हाय. बाईस्नी दिवस गेल्यात!"

मास्तर हसत होते की रडत होते, त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. मोरीच्या दारातून रुक्मिणीबाईंचा ओला, हसरा आवाज आला, "ते ताट आधी न्या हो इथून!"

मास्तर ताट घेऊन रस्त्यावर धावले आणि दिसेल त्याला शेंगापोळी वाटत सुटले.