कानशीची रेघ

काल कर्णफुलं धुवायला रिठे भिजत घातले आणि त्या तुरट वासाबरोबर चिंचवड गावठाणातलं सोनाराचं दुकान आठवलं. पंचेचाळीस वर्षं तरी झाली असतील.

माझ्या लग्नाला जेमतेम महिना झाला होता. सासूबाईंनी दिलेल्या कर्णफुलातला एक मोती डुगडुगत होता, म्हणून आम्ही दोघी गेलो होतो. नखाएवढं द्राक्षाचं पान आणि खाली मोत्यांचा इवलासा घड. सुनेसाठी म्हणून त्यांनी ती वीस वर्षं ट्रंकेत जपली होती, स्वतः एकदाही न घालता.

सोनाराने मोती हलकेच दातावर घासला. मग पानाच्या पाठीवर बारीक कानस फिरवली. पिवळ्याखाली पांढरी रेघ उमटली.

"मोती खरे आहेत, मावशी. पानं मात्र चांदीची, वर सोन्याचं पाणी दिलंय."

सासूबाईंनी मान खाली घातली. "सोनंच म्हणून दिलं गं तुला. मला ठावंच न्हवतं."

मी दुसरं कर्णफूल तिथेच कानात घातलं. "बरंच झालं की, आत्याबाई! सोनं असतं तर मीही ट्रंकेतच ठेवलं असतं. आता रोज कंपनीत घालून जाईन."

त्या हसल्या आणि सोनाराला म्हणाल्या, "मग घट्ट बशिवा बरं. भोसरीच्या बसला लई गर्दी असती."

काल धुऊन झाल्यावर पानाच्या पाठीवर ती पांढरी रेघ शोधली. सापडली नाही. रोज घालून घालून सगळं पानच पांढरं झालंय.