देवाचं पाणी, गाडीचं पाणी

त्या सकाळी आमच्या देवांनी बॅटरीच्या पाण्याने अंघोळ केली.

चूक माझी होती. हे मात्र शेवटपर्यंत "आपली चूक" म्हणत राहिले.

पौषातला रविवार. मी उंबरठा धुतला, चहा टाकला, देव ताम्हनात काढले. खिडकीशी हे मफलर गुंडाळून गाडीच्या बॅटरीची झाकणं उघडत बसले होते.

गाडीची बॅटरी घरात कशाला, असं परगावचे विचारतील.

इथे गंगेकाठी, आमच्या दूधविनायकच्या गल्लीत समोरून सांड आला तर माणसाला भिंतीला चिकटावं लागतं. गाडी कुठली येणार? ती मैदागिनच्या चौकाजवळ, ओळखीच्या एका गोदामात उभी असायची. तिथे वीज नाही. म्हणून हिवाळ्यात बॅटरी सायकलच्या कॅरियरवर बसून घरी यायची. रात्रभर चार्जिंग झालं की सकाळी हे तिच्यात डिस्टिल्ड वॉटर भरायचे.

त्याच्या रिकाम्या बाटल्या मी टाकत नसे. घट्ट झाकणाच्या, चांगल्या असतात. धुऊन त्यांत मुन्शी घाटावरून गंगाजल भरून ठेवायची. साताऱ्याहून येणारा प्रत्येक नातेवाईक जाताना मागतोच.

दोन्ही पाणी एकाच फळीवर.

"अगं, या पाण्याला गाळ कसा?"

मी माझी बाटली उजेडात धरली. माझं पाणी अगदी लख्ख होतं.

"किती घातलंत?"

"सगळं भरलं. सहाही घरं. आणि तू?"

"बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा झाली. शंकर राहिलाय."

यांनी एकेक झाकण परत बसवलं. मग म्हणाले, "देवांवर आता क्षार धरणार नाहीत. काळजी आहे ती बॅटरीची."

गोदामाशेजारच्या मुन्ना मिस्त्रीला हे कळलं तेव्हा तो पाना टाकून हसला. "पंडितजी, बैटरी तो अब सीधे बैकुंठ जाएगी. हमरे हाथ तो आने से रही."

आपल्या हाती काही येत नाही, असं तो नेहमीच म्हणायचा. हे शाळेत संस्कृत शिकवायचे, म्हणून पंडितजी. पण गाडीचं कुठलंही काम मुन्नाला करू द्यायचे नाहीत. प्लग साफ करणं, ऑइल बदलणं, फॅनबेल्ट, ब्रेक, सगळं स्वतः. मुन्नाने फक्त स्टुलावर बसून चुका काढायच्या.

मी पुस्तक धरायची.

माझी शाळा सातवीत सुटली. मराठी मी पुड्यांचे कागद वाचून वाढवलं, पण इंग्रजी शिकले ते गाडीच्या मॅन्युअलवर. हे गाडीखाली, हात काळे, पानं कोण उलटणार? "अक्षरं सांग," म्हणायचे. मी एकेक अक्षर सांगायची, ते खालून शब्द सांगायचे. 'डॉटर' वाचता यायच्या आधी मला 'गॅस्केट' वाचता येत होतं.

गंगाजलाची ती बॅटरी आणखी दोन हिवाळे चालली. मी म्हटलं, "बघा."

"हा योगायोग आहे," हे म्हणाले. पण त्यांनी डिस्टिल्ड वॉटरच्या बाटलीवर पट्टी चिकटवली. फळ्यावरच्या त्यांच्या गोल अक्षरात लिहिलं:

'हे पाणी गाडीचे. देवासाठी नव्हे.'

पुढे जेवढ्या बाटल्या आल्या, प्रत्येकीवर हेच.

आज यांना जाऊन वर्ष झालं.

गेले तेव्हा गाडी तीन महिने उभी होती, कारण तीन महिने हे अंथरुणावर होते. तेराव्यानंतर मुलगा, मकरंद, म्हणाला, "आई, प्रॅक्टिकल हो ना. संडेला कबाडीवाला येतोय. काटून घेऊन जाईल."

काटून.

"चालू झाली तर?"

"तर मग बघू. पण होगी नहीं, आई."

माझ्याकडे तीन दिवस होते.

मला गाडी चालवता येत नाही. ठेवून काय करणार होते मी? पण ज्या गाडीखाली हा माणूस चाळीस वर्षं निजला, तिने हातगाडीवर तुकड्यांनी जाऊ नये, एवढंच वाटत होतं.

मुन्नाने बॅटरी खांद्यावरून घरी आणून दिली. मी चार्जिंगला लावली. सकाळी फळीवरची पट्टीची बाटली घेतली, अर्धी होती. पट्टी दोनदा वाचली. मगच भरलं.

शनिवारी गोदामात गेले. टर्मिनलवरची पांढरी बुरशी गरम पाण्याने धुतली, व्हॅसलीन लावलं. मुन्ना पुढे झाला.

"भाभीजी, हटिए, हम कर देते हैं."

"तुम किताब पकड़ो."

त्याने पकडली. उलटी. मी सुलटी करून दिली आणि पान सांगितलं.

बॅटरी बसवून मी किल्ली फिरवली. पहिल्यांदा गाडी नुसती खोकली. दुसऱ्यांदाही. मकरंद दारात फोन बघत उभा होता.

मॅन्युअलमध्ये लिहिलंय, थंड इंजिनाला चोक ओढा. मी विसरले होते. ओढला.

तिसऱ्यांदा सुरू झाली. गोदामभर धूर. मकरंदने फोन खिशात ठेवला आणि तोंड फिरवून उभा राहिला. मुन्ना म्हणाला, "इसको कटने नहीं देंगे, भाभीजी. हमको दे दीजिए. पंडितजी ने जीते-जी तो हाथ लगाने नहीं दिया."

दिली. मॅन्युअलसकट. कबाडीवाल्याला मकरंदनेच फोन करून नको सांगितलं. मुन्ना अजूनही तिला मैदागिनच्या चौकातून फिरवतो. मला पाहिलं की हॉर्न देतो. तो हॉर्नही यांनीच बसवलेला, थोडा बेसूर.

अहो, तुमची गाडी चालू आहे. तुम्ही निवांत असा. माझा नमस्कार.

गाडी गेली त्या दिवशी पट्टीच्या बाटलीत थोडं पाणी उरलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्या पाण्याने देवांना अंघोळ घातली.