भांडेवालीने न घेतलेली लुगडी

मैत्रिणींनो, आज सकाळी जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देणारी बाई गल्लीत आली. सासूबाईंची तीन सुती लुगडी देऊन मोठा डबा घ्यायचा, असं मी ठरवून ठेवलं होतं.

आमची लेक पूजा बाळंतपणाला आली आहे. तिची खोली पश्चिमेची, बाळाला घामोळं आलंय. नळाला पाणी आठवड्याने येतं, कूलरमध्ये काय ओतणार? कालच ती म्हणाली, "आई, सवा महिना न्हाई निघत इथं. सासरी एसी आहे, मी जाते."

भांडेवालीने लुगडं चोळून पाहिलं. आत बाळ रडत होतं. "पश्चिमेच्या खोलीत घामोळं आलंय त्याला," मी म्हटलं. ती म्हणाली, "मावशी, हे नका देऊ."

मला वाटलं, भाव पाडायची युक्ती. मी म्हटलं, "डबा तर मोठाच घेणार."

"डब्याचं न्हाई हो. खिडकीला बाहेरून दुहेरी बांधा. ऊन बाहेरच राहतंय."

"मंग तुझा धंदा?"

"लेकराच्या घामावर कुठं धंदा करू?"

भाकर-ताक घेऊन ती पुढच्या गल्लीत गेली.

मी लुगडी बांधली, भाज्या धुतलेलं पाणी त्यांवर शिंपडलं. दुपारी बाळ दोन तास गाढ झोपलं. पूजाने जावयांना फोन केला, "सवा महिना झाल्यावरच या न्यायला."

संध्याकाळी दिवा लावून हात जोडले. देवापुढे त्या भांडेवालीसाठी मागायचं होतं, पण मी तिचं नावच विचारलं नव्हतं.

तुम्ही विचारता का हो, दारावर येणाऱ्या बायांची नावं?